जिभेवरचं वजन

माझ्या नोकरीत मला अनोळखी माणसांना त्यांचं वजन विचारावं लागतं. मी डॉक्टर नाही, व्यायामशाळा चालवत नाही, विमाही विकत नाही. टेक्सासमध्ये फ्रिस्कोच्या उत्तरेला हायवेलगत ट्रेलर विकणारं एक दुकान आहे, तिथे मी कामाला आहे. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं छोटं घर. आत पलंग, शेगडी, फ्रीज, बाथरूम सगळं असतं, फक्त इंजिन नसतं. ते आपल्या पिकअप ट्रकच्या मागे जोडायचं आणि डोंगरात नाहीतर तळ्याकाठी नेऊन उभं करायचं. नवरा ट्रेलर पसंत करतो, बायको आतले पडदे नापसंत करते, मुलं वरचा पलंग कुणाचा यावरून भांडून घेतात आणि मग सगळे माझ्या टेबलाशी येतात. "आमचा ट्रक हा ओढेल ना?" या एका प्रश्नाचं उत्तर देण्याचा मला पगार मिळतो.

तुमच्या क्षेत्राविषयी लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा माझी बायको मीनल मनापासून हसली. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं तर ती "हे ऑटोमोटिव्हमध्ये आहेत" एवढंच सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, मी इंजिनं डिझाइन करतो. पुण्याहून आलो तो सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून. ती नोकरी गेली तोवर ग्रीन कार्ड हातात आलं होतं, त्यामुळे काहीही करायची मोकळीक होती. ते काहीही म्हणजे हे. टेस्टिंगमध्ये चूक सापडली की शाबासकी मिळायची. इथे चूक सापडली की गिऱ्हाईक निघून जातं आणि मालक काचेच्या केबिनमधून माझ्याकडे बघतो. त्यात मी स्वभावानेच अपराधी माणूस आहे. गिऱ्हाईक गेलं तर मालकापुढे अपराधी वाटतं, राहिलं तर गिऱ्हाइकापुढे. टीव्हीवर वाऱ्याचा इशारा आला की त्या भागात आपण कुणाला पाठवलंय ते आठवत बसतो. मीनल म्हणते, तुला पाद्री व्हायचं होतं, धर्म तेवढा चुकला.

धंद्यातली गोष्ट अशी आहे. ट्रकच्या जाहिरातीत एक भलामोठा आकडा असतो, अमुक हजार पौंड ओढतो म्हणून. लोक तो आकडा मुलाच्या मार्कांसारखा सांगतात. पण तो काढताना ट्रकमध्ये जवळजवळ कुणीच नसतं. ड्रायव्हर असतो, तोही बहुधा उपाशी. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला एका छोट्या स्टिकरवर असतो. ट्रकच्या अंगावर एकूण किती ओझं ठेवता येईल, ते तिथे लिहिलेलं असतं. आणि ट्रेलर नुसता मागून येत नाही, तो ट्रकवर थोडा रेलतोसुद्धा. त्याच्या पुढच्या निमुळत्या दांड्याला इथे टंग म्हणतात, जीभ. ट्रेलरच्या वजनाचा साधारण आठवा हिस्सा त्या जिभेवरून ट्रकवर येतो. तो फार कमी झाला तर ट्रेलर हायवेवर शेपटीसारखा हलायला लागतो. ट्रकला झेपणार नाही इतका झाला तर ट्रकचं ढुंगण बसतं, तोंड वर होतं आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सैल होते. जीभ, माणसं, सामान या सगळ्यांची बेरीज त्या स्टिकरच्या आत बसली पाहिजे. म्हणून वजनं विचारायची.

आपली माणसं वजन सांगत नाहीत, लग्नातलं सांगतात. एकदा एक जोडपं आलं. दोघांनी एकमेकांसमोर अगदी समजूतदार आकडे सांगितले. पाच मिनिटांनी पार्किंगमधून बाईंचा फोन आला, "मी सांगितलं त्यात पंधरा वाढवा, पण ह्यांना कळू देऊ नका." मी हो म्हणून फोन ठेवतो तोच नवऱ्याचा मेसेज आला, "ॲड ट्वेंटी टू माइन. डोंट टेल हर." मी दोघांची गुपितं मिळवून त्यांना एक ट्रेलर लहान दिला. घरी गेल्यावर त्यांनी मला इंटरनेटवर एक तारा दिला, पाचपैकी. खाली लिहिलं होतं, निराशावादी माणूस.

खरं म्हणजे ओढणं हा सोपा भाग आहे. आजकालचे ट्रक काहीही ओढतात. प्रश्न असतो तो थांबण्याचा. आणि इथे आपली भाषा आड येते. अमेरिकन गिऱ्हाईक विचारतं, सेफ आहे का? मराठी गिऱ्हाईक विचारतं, चालेल ना? या प्रश्नाला नाही म्हणायचं वळणच आपल्या जिभेला नाही. चहा गार झालाय, चालेल. पाहुणे दोन जास्त आलेत, चालेल. खाली झोपावं लागेल, चालेल चालेल. डोक्याला खबर लागायच्या आत तो शब्द बाहेर पडलेला असतो. दुकानात मी इंग्रजीत काम करतो म्हणून उत्तर टेक्सासमधली बरीच कुटुंबं सुखरूप आहेत, असं माझं प्रामाणिक मत आहे.

अमोल मेश्राम आमच्याच वस्तीत दोन गल्ल्या पलीकडे राहतो. नागपूरचा, आयटीतला, माझ्याहून बराच लहान. मला सावंतदादा म्हणतो. एप्रिलमध्ये बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम होता, तिथे जेवणाच्या रांगेत तो माझ्या मागे उभा होता. एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन.

"दादा, एक ट्रेलर भेटून राहिला. सेकंडहँड, एकदम क्लीन. भरून सात हजार पौंडचा. माझा ट्रक नऊ ओढतो. चालेल न?"

माझं लक्ष सावजीच्या रश्श्याकडे होतं. "चालेल," मी म्हणालो.

तो ट्रेलर त्याला कशासाठी हवा होता, ते मला ठाऊक होतं. त्याचे आईवडील नागपूरहून आले होते. त्याचे वडील, मी त्यांना काका म्हणतो, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मुलांना उत्तर अमेरिका शिकवण्यात त्यांचा जन्म गेला आणि प्रत्यक्ष उत्तर अमेरिकेत आल्यावर ते घराबाहेर पडायला तयार नव्हते. त्यांना लघवीचा त्रास होता. वेळ आली की थांबवत नसे. एकदा मॉलमध्ये फजिती झाली, तेव्हापासून ते अंगणातल्या खुर्चीपर्यंत जायचे आणि परत यायचे. रॉकी पर्वत एकदा डोळ्यांनी बघायची त्यांची इच्छा होती, पण ती ते भूतकाळात बोलायला लागले होते. परत जायची तिकिटं जूनची होती. पुन्हा एवढा प्रवास करतील अशी प्रकृती राहिली नव्हती. अमोलने डोकं लढवलं. बाबा बाथरूमपर्यंत जाऊ शकत नाहीत ना, मग बाथरूमच बाबांबरोबर न्यायचं.

मे अखेरच्या मोठ्या वीकएंडला ते निघणार होते. ट्रेलर पहिल्यांदा जोडायचा म्हणून मी मदतीला गेलो. रीतसर आदल्या दिवशी मी फोनवर सूचना दिल्या होत्या. टायरची हवा, दिवे, ब्रेक. आणि फोन ठेवता ठेवता, जशी कुठल्याही प्रवासाला निघालेल्या माणसाला सांगायची पद्धत आहे तसं, मी म्हणालो होतो, "आणि पाणी भरून घ्या."

सकाळी पोचलो तर सगळे तयार. अमोल, त्याची बायको वर्षा, दोन मुली, काका, काकू. जयभीम झालं. अमोलने ट्रक मागे घेतला, मी ट्रेलरची जीभ त्याच्या हुकावर उतरवली आणि ट्रक हळूच मागे बसला. जेवून उठता न येणाऱ्या माणसासारखा. भर उजेडात त्याचे दिवे समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर पडले होते.

"दादा, हे नॉर्मल आहे न?" अमोलने विचारलं.

 मी ड्रायव्हरचं दार उघडून वाकलो आणि स्टिकर वाचला. मी दिवसातून दहा लोकांना तो स्टिकर वाचायला लावतो. या ट्रकचा मी पहिल्यांदा वाचत होतो. पंधराशे पौंड. जिभेचेच आठशे-नऊशे, त्यात सहा माणसं, वर सामान. मनातल्या मनात बेरीज केली, ती पंधराशेच्या बाहेर गेली. पण या बेरजेनेही ट्रक एवढा बसायला नको होता.

"पुढच्या पलंगाखाली काय ठेवलंय?" मी विचारलं.

"काई नाही जी," काकू म्हणाल्या. "तिथं पाण्याची टाकी आहे न. मी पहाटे उठून भरली. गच्च. वरून वाहेपर्यंत."

पाण्याचं वजन गॅलनला आठ पौंडांच्या वर असतं. टाकी पन्नास गॅलनची होती आणि नेमकी पुढे, जिभेच्या मुळाशी. कॅम्पग्राउंडवर नळ असतो, तिथे पोचल्यावर भरायचं, वाटेतल्या बाथरूमपुरतं बादलीभर न्यायचं, हे दुकानातलं पोरसुद्धा सांगतं. पण काकूंनी उभं आयुष्य नळाच्या वेळा सांभाळल्या होत्या आणि मी पुण्याच्या पेठेत वाढलो होतो. पाणी जड असतं, हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याच मनात येणं शक्य नव्हतं. पाणी असतं किंवा नसतं, एवढंच आम्हाला माहीत.

"रिकामी करावी लागेल," मी म्हणालो.

"म्हंजे? ओतून द्याचं?" काकूंचा चेहरा मला बघवेना. मी खालचा नळ उघडला आणि पाणी सुटलं, तशा त्या घरात धावल्या. बादली, दोन पातेली आणि कुकरचं भांडं घेऊन आल्या. पुढचा अर्धा तास मेश्रामांच्या अंगणातल्या झाडांना, मग शेजाऱ्यांच्या झाडांना, मग त्यांच्याही पलीकडच्या घराच्या गुलाबांना पाणी मिळालं. "आज्जी, दे हॅव स्प्रिंकलर्स!" धाकटी नात ओरडत होती. "असू दे," काकू म्हणाल्या, "पाणी ते पाणी."

मग ते ट्रकमध्ये आणि मी मागून माझ्या गाडीत, असे आम्ही हळूहळू हायवेवरच्या ट्रक स्टॉपला गेलो. तिथे मालट्रकांसाठी मोठा वजनकाटा असतो. सगळे बसलेल्या ट्रकसकट ट्रेलर काट्यावर उभा केला. मागे रांगेत एक अठरा चाकी. त्याचा ड्रायव्हर खिडकीतून बघत होता, कारण काकूंनी काट्यावर श्वास रोखून धरला होता. पाणी गेलं होतं, तांदळाचं पोतं आणि दोन्ही कुकर मी ट्रेलरच्या मध्यावर, चाकांच्या वर सरकवले होते. तरी वजन जास्तच भरलं.

"किती जास्त?" अमोलने विचारलं.

मी ट्रेलरच्या चाकाकडे बघत म्हणालो, "दोन माणसं जास्त होताहेत."

मला फक्त वजन सांगायचं होतं. पौंडात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

 काका ट्रकमधून हळूहळू खाली उतरले. "कोणती दोन, ते कळलं," ते म्हणाले. आवाज अगदी वर्गात हजेरी घेतल्यासारखा साधा. "चल गं. आपण घरी राहू. पोरी जाऊन येतील."

"बाबा, असं नाही आहे!" अमोल म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "दादा, यार, तुम्हीच बोलले होते चालेल. मी तुमच्या भरोशावर घेतला न ट्रेलर. ज्यांच्यासाठी चाललो त्यांनाच ठेवून जाऊ?"

"मी ट्रेलरमधी बसतो," काकू म्हणाल्या. "पोळ्या बी होतील जाता जाता."

"चालत्या ट्रेलरमध्ये बसायचं नसतं, काकू."

"काई चालतच नाही तुमच्याकडे!"

मी दुकानात फोन केला, लहान ट्रेलर भाड्याने आहे का विचारलं. मोठा वीकएंड, एकही शिल्लक नव्हता. दुसरी गाडी अमोलने ट्रक घेताना देऊन टाकली होती, आणि भाड्याने घेतली तरी वर्षा हायवेवर गाडी चालवत नव्हती. काका ट्रक स्टॉपच्या बाथरूमच्या दिशेने निघाले होते. पावलं भराभर टाकायचा प्रयत्न करत होते आणि ती पडत नव्हती. त्यांच्या पाठीकडे बघत मी म्हणालो, "माझी गाडी आहे. मी आणतो काका-काकूंना. तुमच्या मागे मागे."

हे धैर्य नव्हतं. मला ती पाठ बघवत नव्हती, एवढंच.

मीनलला फोन केला.  "म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा तू कुणाला नाही म्हणालास," ती म्हणाली, "आणि त्याची भरपाई म्हणून कोलोराडोला चाललास. गोळ्या घेऊन जा. आणि पट्टा लाव कमरेला."

तर असा मी माझ्या पहिल्या ट्रेलरच्या सहलीला निघालो. हो, पहिल्याच. इतकी वर्षं लोकांना ट्रेलर जोडून दिले, पण ट्रेलरबरोबर कधी कुठे गेलो नव्हतो. आताही मी ट्रेलरमध्ये नव्हतो, ट्रेलरच्या मागे होतो. दोन दिवस मला समोर फक्त त्याची पांढरी पाठ दिसत होती. ती जराशी हलली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. काकू मागच्या सीटवरून म्हणायच्या, "गचके काहून देऊन राहिले?"

काका माझ्या शेजारी. वेळ आली की ते बोलायचे नाहीत, नुसते खिडकीबाहेर बघायला लागायचे. दोन-तीनदा पाहिल्यावर ती खूण माझ्या ध्यानात आली. मग मी त्यांना विचारायचंही सोडून दिलं. मी दिव्यांची उघडझाप करायचो, अमोल पुढे मोकळी जागा बघून थांबायचा, काका ट्रेलरच्या दोन पायऱ्या चढून आत जायचे. अमोल इंजिन चालू ठेवून बाहेर उभा राहायचा. आणि दर वेळी खाली उतरताना काका म्हणायचे, "सॉरी बेटा. झालं. चला, चला."

टेक्सासचा तो वरचा भाग म्हणजे सपाट जमीन आणि आकाश. काका सगळं सांगत होते. ही गवताळ प्रदेशाची कडा, इथे पाऊस कमी, पुढे पठार चढत जाईल. मी विचारलं, "काका, रॉकी फळ्यावर कसा काढायचात?"

"खडू आडवा धरायचा," ते म्हणाले, "आणि वरून खाली एकदाच ओढायचा. मेक्सिकोपर्यंत. पोरांना आवडायचं, कारण आवाज यायचा." मग म्हणाले, "मला पुसायचा कंटाळा यायचा."

न्यू मेक्सिकोतून कोलोराडोत उतरताना लांबलचक घाट आहे.  अमोलला मी सकाळीच तीन-तीनदा सांगितलं होतं, ब्रेकवर पाय दाबून बसायचं नाही, गिअर खालचा ठेव, ट्रकलाच त्याचा वेग धरू दे. उतार सुरू झाला. मी मागून त्या पांढऱ्या पाठीकडे बघत होतो आणि मनात तिचं वजन पुन्हा पुन्हा मोजत होतो. पाणी वजा, काकू वजा, काका वजा. ट्रेलर एका रेषेत, शहाण्या मुलीसारखा उतरत होता. ट्रकच्या पुढच्या चाकांनी प्रत्येक वळण नीट धरलं. पायथ्याशी पोचलो तेव्हा काकू म्हणाल्या, "सावंतदादा, तुम्ही रडून राहिले का?" मी म्हणालो, ऊन आहे. ऊन मागून येत होतं.

पुढे थोड्या अंतराने काका खिडकीबाहेर बघायला लागले. मी दिवे दाखवले. अमोलने एका मोकळ्या थांब्यावर गाडी घेतली. पश्चिमेकडे डोंगर उभे होते, मे संपत आला तरी माथ्यावर बर्फ असलेले. मुली "वॉव" म्हणत फोन घेऊन धावल्या. काका मात्र कुणीकडेही न बघता घाईघाईने पायऱ्या चढले आणि आत जाऊन दार लावलं.

आम्ही उभे राहिलो. ट्रकचं इंजिन घरघरत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अमोल माझ्याकडे बघायला लागला. मी ट्रेलरच्या चाकाकडे. शेवटी काकू आत गेल्या आणि त्यांनी बाथरूमचं दार वाजवलं.

"अहो? बरं आहे न जी?"

"बरं आहे," आतून आवाज आला. "इथं वर एक खिडकी आहे. ती सरकवली. रॉकी दिसून राहिला."

"अहो, बाहेर या न मग! बाहेरून अख्खा दिसते!"

 मग काका म्हणाले, "बाहेर आलो की तुम्ही सगळे निघता. माझ्यासाठी थांबले असता न तुम्ही, म्हणून मलाच घाई होते. इथं मला कोणी घाई नाही करत."

काकू दाराशीच उभ्या राहिल्या.  अमोल ट्रककडे गेला, आत हात घालून त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली. मीही माझ्या गाडीचं बंद केलं. मग वर्षाने ट्रेलरच्या पोटातून घडीच्या खुर्च्या काढल्या आणि त्या एकेक करून आम्ही डोंगराकडे तोंड करून मांडल्या.